मांडव उतरवताना

नोव्हेंबरच्या पहिल्या जुम्म्याला, नमाज आणि जेवणं आटोपल्यावर, आम्ही परसातला मांडव उतरवायला घेतला. खरं तर हे काम दसऱ्याच्या सुमारास व्हायचं. पण यंदा ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस जायचं नाव घेईना. रोज संध्याकाळी ढग यायचे आणि आम्ही कोयती परत खुंटीला अडकवायचो.

दोडक्याचे वाळके वेल कारव्यांना असे बिलगले होते की सोडवताना हात खरचटले. सुंभ कुजला होता. एका मेढीचा बुंधा वाळवीने पोखरला होता. पानांआड विसरलेलं एक पडवळ नारिंगी होऊन फुटलं होतं आणि आतला लाल गर मुंग्या ओढून नेत होत्या. दोन तासांत अंगण मोकळं झालं. जून महिन्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवं दिसायचं, तिथून आता समोरचा गडगा दिसू लागला.

सगळ्यात शेवटी काकडीच्या आळ्याशी आलो. तिथल्या काठीला लाल कापडाची चिंधी अजून तशीच बांधलेली होती. रंग उडालेली, पावसाने विटलेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीच काही बोललं नाही.

ही चिंधी अम्मांच्या पद्धतीची. जानेवारीत अम्मांचा इंतकाल झाला. त्याआधी वर्षभरच आम्ही मुंबईचं बिऱ्हाड आवरून गावी आलो होतो. आमच्यापैकी एक जण याच घरात जन्मलेला, दुसरी साताऱ्याकडून लग्न होऊन कोकणात आलेली. पण तीस वर्षांच्या मुंबईच्या संसारात भाजी म्हणजे पिशवीतून येणारी वस्तू, एवढंच दोघांना ठाऊक. अम्मांच्या हाताखाली एकच पावसाळा मिळाला. त्यात त्या सांगायच्या आणि आम्ही ‘हो हो’ म्हणायचो.

त्यांच्या सांगण्यातल्या तीन गोष्टी मात्र डोक्यात राहिल्या होत्या. पहिली, सगळं बी एकदम पेरायचं नाही. अर्धं मातीत, अर्धं घरात. दुसरी, वेलावरचं एक चांगलं फळ बियांसाठी राखायचं आणि त्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं पोरदेखील त्याला हात लावत नाही. तिसरी, टोपली भरली की आधी दुसऱ्याचा वाटा काढायचा आणि मग चुलीकडे वळायचं. यंदाचा हंगाम आमचा एकट्यांचा पहिला. हिशेब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की तीनही गोष्टी आम्ही मोडल्या.

पहिलीचं खापर पावसावर फोडता येईल. यंदा, 2025 साली, मान्सून मे महिन्यातच उतरला. 26 मेला तो मुंबईत पोचलासुद्धा. एरवी मृगाच्या सुमारास होणारी पेरणी आम्ही उत्साहाच्या भरात मे महिन्यातच उरकली. अम्मांच्या फडताळात राखेत घोळवलेल्या बियांची एक पुरचुंडी होती. तवशाचं बी. तवसं म्हणजे आमच्या कोकणातली ती हातभर लांब पावसाळी काकडी. कोवळी असताना मीठ लावून खावी, जून झाली की किसून गुळातांदळात घालावी. अर्धी पुरचुंडी आळ्यांत गेली आणि वरून चार दिवस असा पाऊस कोसळला की बी जागच्या जागी कुजलं. मग बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी पेरली. पुरचुंडी झटकून कापड धुऊन टाकलं. ‘मेहनत आपण करतोय, आता येणारच,’ असं म्हणालो. इन्शाअल्लाह म्हटलं होतं की नाही, ते आठवत नाही.

आणि खरोखरच आलं. आषाढात वेल मांडवावर चढले, श्रावणात लगडले. दोडकी, पडवळ, कारली, भेंडी, लाल माठ. गडग्याकडेच्या उकिरड्यावर भोपळ्याचा वेल न लावता उगवला आणि सगळ्यांपेक्षा जास्त पसरला. तांबडे भुंगेरे आले तेव्हा भल्या पहाटे पानांवर राख टाकली. फळमाशीने डसलेल्या काकड्या वेचून खड्ड्यात पुरल्या. त्या तशाच टाकल्या तर आतल्या अळ्या मातीत उतरतात आणि पुन्हा माश्या होऊन येतात, हे एकदा सगळं नासल्यावर शिकलो.

नोकरीतली सवय जात नाही. आम्ही एक वही घातली. रोज काय उतरलं आणि कुठे गेलं, याची नोंद. घरात, विकलं, दिलं असे तीन रकाने. पुढे चौथा रकाना वाढवावा लागला : वानर.

वानरांचं कोकणात कुणाला सांगायला नको. टोळी आली की अर्ध्या तासात पंधरा दिवसांची मेहनत संपते. पहिल्यांदा आली तेव्हा आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, फटाके आणा. दुसऱ्याने हदीस सांगितली : प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फर्मावलं आहे की एखाद्या मुसलमानाने झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातून पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने खाल्लं, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो. त्यावर उत्तर आलं, ‘खाल्लं तर ना? ही तर एक घास खाऊन दहा फेकतात.’ शेवटी फटाके आणले नाहीत. जुनं जाळं टाकलं आणि पत्र्याचा डबा बडवत बसलो. सांगायचं हे की जो सदका आमच्या परवानगीवाचून होत होता, त्याच्या सवाबावर आम्ही मोठ्या हौसेने हक्क सांगत होतो. जो स्वतःच्या हाताने द्यायचा होता, त्याचं काय?

त्याचा विषय निघाला होता. आमच्या घरात दोन मसलक नांदतात. कोकणातले आम्ही शाफई, साताऱ्याकडचं माहेर हनफी. जमिनीच्या पिकावर उश्र आहे. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः पाणी घालून काढलेल्याचा विसावा. इमाम अबू हनीफा यांच्या मते भाजीपाल्यावरही तो लागू होतो. इमाम शाफई यांच्या मते टिकवून न ठेवता येणाऱ्या भाज्यांवर नाही. दोन जेवणांत या गोष्टीवर चर्चा झाली. आवाज चढला नाही, पण कुणी माघारही घेतली नाही. मग मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘तुमच्या मसलकात भाजीवर उश्र नाही. आणि घराच्या आवारातल्या झाडाला हनफींच्या किताबांतही सवलत आहे. भांडू नका. पण सदक्याला कुणी सवलत मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.’

आम्ही घरी आलो ते या वाक्याचा पहिला भाग घेऊन. उश्र नाही, एवढं ठरलं. सदक्याचं ‘बघू’ झालं.

त्याच दिवसांत नाक्यावरच्या भाजीवाल्याने विचारलं, ‘गावठी आहे ना? आणून द्या.’ पैसे फार नव्हते. पण वहीत विकलं या रकान्यात पहिला आकडा पडला तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता. आपल्या मातीतून आपण कमावलं! कष्टाची कमाई हलाल, त्यात वावगं काहीच नाही. वावगं झालं ते पुढे.

आमच्या मोहल्ल्याच्या वर कुणबीवाडी आहे. तिथल्या एक काकी अम्मांच्या मैत्रीण. ऋषीपंचमीला त्यांच्याकडे बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरटीवाचून, हाताने खणलेल्या जागेतली भाजी लागते : अळू, भोपळा, दोडकं, पडवळ, काकडी. आमचं परस कुदळीने खणलेलं. अम्मा दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशीच टोपली भरून वर पाठवायच्या, मागायची वेळ येऊ द्यायच्या नाहीत. यंदा 27 ऑगस्टला गणपती होते. सणामुळे भाव चढले होते, म्हणून आम्ही आदल्या दिवशी मांडवावरचं चांगलं चांगलं सगळं नाक्यावर नेलं. गणपतीच्या संध्याकाळी काकी स्वतः खाली आल्या. ‘उंद्या ऋषीची भाजी हाय. भाबी असत्या तर...’ एवढंच म्हणून थांबल्या. आम्ही लगबगीने मांडवाखाली गेलो. दोन वाकडी दोडकी, एक माशी डसलेली काकडी आणि अळूची पानं मिळाली. काकींनी ती पदरात घेतली. ‘लय झालं,’ म्हणाल्या. आम्हाला खरंच वाटलं की लय झालं.

राहिली चिंधी. श्रावणातच आम्ही एक डौलदार तवसं निवडून त्याला ती बांधली होती. आठवड्याला ते वाढत होतं. हिरवं, मग पांढुरकं, मग देठाशी पिवळसर. पूर्ण पिकून त्याची साल तांबूस व्हायला आणि आतलं बी भरायला अजून दोन-तीन आठवडे हवे होते. ईद-ए-मिलादच्या सुमारास मुंबईहून नातेवाईक आले. चार दिवस घर भरलेलं होतं. निघताना गाडीत गावची काही भेट हवी. ही तर रीतच. मांडवावर द्यावं असं तेवढं एकच फळ होतं. पाहुण्यांनी कौतुक केलं, ‘केवढं हे!’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वेल हिरवा आहे, अजून एक येईल, असं दोघांच्याही मनात आलं. चिंधी सोडून बाजूच्या काठीला बांधली आणि तवसं कापून गाडीत ठेवलं. पाहुण्यांना दिलं, यात चूक काय, असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यात देण्यापेक्षा दाखवण्याची हौस मोठी होती.

सप्टेंबरच्या पावसात वेलावर केवडा पडला. पानांवर आधी पिवळे ठिपके, मग ती करपून गुंडाळी व्हायची. दहा-बारा दिवसांत वेल गेला. नवं फळ धरलंच नाही. घरात पुरचुंडी नव्हती, वेलावर बी नव्हतं. अम्मांच्या सासूबाईंनी लावलेली, त्यांच्या हातून अम्मांकडे आलेली तवशाची जात आमच्या हाती पडली आणि एका हंगामात संपली. शब्दशः आमच्या हातात संपली.

मांडव उतरवल्यावर त्या रात्री वही काढली. काकड्यांचं पान : एकूण 74. घरात 29, विकल्या 31, वानर आणि फळमाशी 9, दिल्या 5. दहावा हिस्सा धरला असता तर सात तरी व्हायला हव्या होत्या. आणि त्या पाचांतल्या बहुतेक वाकड्या, डसलेल्या किंवा दाखवायच्या, हे वहीत लिहिलेलं नसलं तरी आम्हाला माहीत होतं. सूरह अन्आममध्ये अल्लाहने वेलींच्या आणि झाडांच्या बागांचा उल्लेख करून म्हटलं आहे की फळ आलं की खा, कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका आणि उधळपट्टी करू नका. कापणीच्या दिवशी! हंगाम सरल्यावर वही उघडून नव्हे.

अंगणात तीन भोपळे तेवढे उरले होते. दुसऱ्या दिवशी असरनंतर त्यांतला सगळ्यात मोठा उचलला आणि वाडीची चढण चढलो. उशिरा का होईना, हक्क पोचवावा. काकी चुलीपाशी होत्या. भोपळा पाहून म्हणाल्या, ‘एवढा कशाला? तुमाला ठेवायचा.’ आम्ही ऋषीपंचमीच्या टोपलीबद्दल माफी मागायला तोंड उघडलं. पण त्यांनी ते बोलणं चहाच्या आधणात बुडवून टाकलं.

चहा घेताना सहज वर नजर गेली. चुलीवरच्या वाशाला, धुराने काळवंडलेल्या जागी, केळीच्या सोपटाने बांधलेली चार तवशी लोंबत होती. तांबूस, जाड सालीची, अंगावर बारीक जाळी पडलेली. तीच. आमच्यापैकी एकाने ती लहानपणी आमच्या माजघरात अशीच टांगलेली पाहिली होती.

‘काकी, हे बी कुठलं?’

‘कुठलं म्हंजे? तुमच्या अम्मांचंच हाय ता. लय वर्सं झाली. आमचं बी गेलं हुतं एका साली, तवा भाबींनी दिलं. मी दिलं माज्या भनीला, तिनं आनि कुनाला. आता सगल्या वाडीत त्येच हाय.’

आम्ही काही बोलू शकलो नाही. चहा निवून गेला.

प्रेषितांच्या (स.) घरातला एक प्रसंग हदीसमध्ये आला आहे. घरी एक बकरी जिबह केली होती. प्रेषितांनी विचारलं, त्यातलं काय उरलं? ह. आयशा (रजि.) म्हणाल्या, फक्त खांद्याचा भाग उरला आहे; म्हणजे बाकी सगळं वाटून झालं होतं. त्यावर प्रेषित म्हणाले, खांदा सोडून बाकी सगळंच उरलं आहे. ही हदीस आम्ही कित्येक वेळा ऐकली होती. मान डोलावली होती. तिचा अर्थ आम्हाला चुलीवरच्या वाशाला टांगलेला दिसला. अम्मांनी जे घरात जपलं ते आमच्या हातून गेलं. त्यांनी जे दिलं ते मात्र उरलं. मरणानंतरही चालू राहणारा सदका म्हणजे विहीर, मशीद, मदरसा एवढंच आमच्या डोळ्यांसमोर यायचं. मूठभर बियाही त्यात बसत असतील, ही आमची आशा आहे. कबूल करणारा अल्लाह आहे.

काकींनी एक तवसं सोडून हातात दिलं. पैशांचं नावसुद्धा काढायची हिंमत झाली नाही.

घरी आणून ते चिरलं. गर किसून गूळ-तांदळाच्या रव्यात घातला, पातेल्यात भाजला आणि धोंडस केलं. थोडं काकींकडे गेलं, थोडं शेजारी. बी मात्र आधी वेगळं काढलं होतं. गरासकट पाण्यात दोन दिवस ठेवलं, म्हणजे वरचा बुळबुळीत पडदा सुटतो. मग चोळून धुतलं. पोकळ बी वर तरंगलं, ते टाकलं. भरलेलं तळाशी बसलं. ते राखेत घोळवून सावलीत सुपात वाळत घातलं. सहा-सात दिवस रोज हात फिरवून पाहत होतो. तज्ज्ञाला हसू येईल, पण आम्ही ते बी मोजलंसुद्धा.

दुकानात पाकीट मिळत नाही असं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘शीतल’ काकडी चांगली येते, दोडक्यात ‘कोकण हरिता’ चांगली. पुढच्या वर्षी त्यातलंही काही लावू. मात्र तवशापासून लांब. कारण काकडीच्या दोन जाती शेजारी फुलल्या की मधमाशी पराग इकडून तिकडे नेते आणि राखलेलं बी पुढच्या साली भलतंच निघतं. पाकिटाला आमची हरकत नाही. पण पाकीट विकत घेता येतं. जे विकत मिळत नाही, ती अमानत असते. आणि अमानतीवर नुसती मालकी सांगून भागत नाही, ती पुढे पोचवावी लागते.

सुकलेल्या बियांच्या तीन पुड्या केल्या. एक आमची, तीही अर्धी पेरायची आणि अर्धी ठेवायची. दुसरी मोहल्ल्यातल्या एका नव्या सुनेला दिली. तिने नुकतीच परसात कुदळ मारली आहे. तिसरी काकींकडे नेली, तेव्हा त्या हसल्या. ‘माझंच मला?’ म्हणाल्या. आम्ही म्हटलं, ‘असू दे. आमच्याकडून परत हरवलं तर मागायला येऊ.’

मांडवाची जागा आता खणून झाली आहे. कुजलेले वेल खड्ड्यात गेले. केवड्याने गेलेला काकडीचा वेल तेवढा वेगळा जाळला. चांगले बांबू पडवीत आडवे ठेवले. जमिनीत अजून ओल आहे, तेवढ्यावर वाल आणि चवळी टाकली. मुळ्याचे आणि माठाचे दोन वाफे विहिरीच्या पाण्यावर आहेत. म्हणजे दहावा नाही, विसावा, असं हनफी बाजूने लगेच सुनावलं. शाफई बाजू या वेळी गप्प राहिली. वहीचं नवं पान आखलं आहे. त्यात दिलं हा रकाना आता पहिला आहे आणि घरात हा शेवटचा. बाकी काही बदललेलं नाही.

ती लाल चिंधी धुऊन वाळवली. पुडी तिच्यातच बांधून अम्मांच्या फडताळात ठेवली आहे. अल्लाह त्यांची मगफिरत करो, आणि पुढच्या पावसाळ्यात ती चिंधी सोडायचा मोह आमच्या हातांना न होवो. आमीन.